घरी चालतं, ऑफिसात नाही

"घरी चालतं म्हणे हिचं," ताई म्हणाल्या.

"घरी काय, सगळ्यांचंच चालतं," तो म्हणाला, आणि दोघं हसले.

मी दाराबाहेर सँडलचा पट्टा सोडवत होते. पट्टा सुटला होता, तरी मी सोडवतच राहिले. आत जायचं तर त्यांचं हसणं आधी संपायला हवं होतं.

"नाय पण, जमलं असतं तर बोलली असती ना?" ताई पुढे म्हणाल्या. "नुसती मान हलवते. हो पण तशीच नि नाय पण तशीच."

"इंग्लिश मीडियम हाय ती. आपल्याशी कशाला बोलंल?"

मग मी जरा जोरात सँडल आपटली आणि आत गेले. ताईंनी लगेच विचारलं, "आलीस गो? एसटी वेळेवर मिळाली?" मी मान हलवली.

ताई नाते गावाहून येतात. लग्न झालेल्या, माझ्याहून बऱ्याच मोठ्या, ऑफिसातला चहा कधी सांगायचा हे ठरवणाऱ्या. तो पाचाडचा, माझ्याच वयाचा. घरची गडाच्या पायथ्याशी खानावळ, त्यामुळे गिऱ्हाइकाशी बोलावं तसा तो सगळ्यांशी बोलतो. वाईट दोघंही नाहीत, आणि खरा त्रास तोच होता. वाईट असते तर मनातल्या मनात त्यांच्याशी भांडता आलं असतं.

आमचं ऑफिस महाडात, एका हार्डवेअरच्या दुकानावर पहिल्या मजल्याला आहे. पुराच्या भीतीने महाडात तळमजल्यावर कॉम्प्युटर कोणी ठेवत नाही. पुण्याची एक कंपनी ड्रोनने डोंगरांचे, शेतांचे फोटो काढते. ते फोटो जोडून नकाशे तयार करायचं काम आमच्याकडे. मशीनवर लिनक्स आहे, आणि जोडणीचे सगळे हुकूम काळ्या खिडकीत, म्हणजे टर्मिनलमध्ये, टाइप करून द्यायचे.

आता ती खिडकी उघडली की तिला काहीच माहीत नसायचं. जोडणीचे प्रोग्राम कुठे ठेवलेत, फोटो कुठून घ्यायचे, तयार नकाशा कुठे टाकायचा, हे तिला दर वेळी चार ओळींत सांगावं लागायचं. त्या चार ओळी ऑफिसच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर पिन करून ठेवल्या होत्या. खिडकी उघडली की आधी त्या चिकटवायच्या, मग काम. दिवसातून किती खिडक्या उघडायच्या आणि किती बंद व्हायच्या, आणि दर वेळी तेच. ताई तर ओठातल्या ओठात काहीतरी पुटपुटत चिकटवायच्या. उंबऱ्यावर हळदकुंकू लावताना आई पुटपुटते तसं.

गणपतीनंतर कोणीतरी त्यातली एक ओळ चिकटवायला विसरलं. कुडपणच्या पठाराचे सगळे नकाशे जुन्याच फोल्डरमध्ये, जुन्यांच्या डोक्यावर जाऊन पडले. सगळं काम पुन्हा करावं लागलं. पुण्याच्या मॅडम दर शनिवारी व्हिडिओवर बोलतात. त्या शनिवारी त्या म्हणाल्या, "हे चिकटवणं बंद झालं पाहिजे. खिडकी उघडली की तयार असली पाहिजे." मग त्यांनी माझं नाव घेतलं. "तू कर. तू इंग्लिश मीडियमची ना, सगळं वाचून काढशील."

मी मान हलवली.

मी तेव्हा कायम झालेली नव्हते. मॅडम पाहणार, मग ठरवणार, अशा बोलीवर होते. घरी पोलादपूरला याची कल्पना होती, आणि त्याहून जास्त कल्पना मुंबईच्या काकाला होती. त्याच्या ओळखीच्या एका दवाखान्यात रिसेप्शनला जागा होती. "पोरगी इंग्लिश शिकलीय, बोलायचं काम हाय, बसून खायचं," असं तो फोनवर बाबांना सांगायचा. फोन स्पीकरवर असायचा, कारण बाबांना कानाला लावून ऐकू येत नाही. काकाच्या मते इंग्लिश शिकलेलीने बोललं पाहिजे. मला दिवसभर अनोळखी माणसांशी बोलत बसायचं नव्हतं. शाळेत मराठी बोललं की बाकावर उभं करायचे, आणि गावात इंग्लिश शब्द निघाला की मुलं आठवडाभर तोच शब्द मागून ओरडायची. दोन्हीकडे गप्प बसणं सगळ्यात सोयीचं, हे मी लवकर शिकले. काळ्या खिडकीला टाइप केलेलं पुरतं. मला ते काम आवडायचं त्याचं मोठं कारण तेच होतं. ते जाऊ द्यायचं नव्हतं.

मॅडमनी एक पान पाठवलं होतं. त्यात लिहिलं होतं, त्या ओळी प्रोफाइल नावाच्या फाईलमध्ये टाका. नावाच्या आधी टिंब असतं, म्हणून तिला डॉट प्रोफाइल म्हणतात, आणि टिंबामुळे ती फाईल सहज दिसत नाही. मी ती शोधली, ओळी टाकल्या, खिडकी बंद केली, उघडली. काही नाही. हुकूम दिला. असा हुकूमच नाही, म्हणाली. ओळींतलं अक्षर न अक्षर तपासलं. फाईल पुसून नव्याने लिहिली. खिडकी बंद, खिडकी उघडी. काही नाही.

असे बरेच दिवस गेले. मी वाचत होते, त्याला काही तोटा नव्हता. एकाने लिहिलेलं असायचं, अमुक करा. खाली दुसऱ्याने, तसं मुळीच करू नका. त्याच्याखाली तिसऱ्याने, हा प्रश्नच चुकीचा आहे. जगभरातली माणसं माझ्याच प्रश्नावर एकमेकांवर ओरडत होती, आणि मला मात्र वाटायचं की ती सगळी मला ओरडतायत. आणखी एक फाईल होती, खिडकी दर वेळी वाचते अशी. तिच्यात ओळी टाकल्या असत्या तर काम झालं असतं. पण ती पुण्याहून यायची. दर आठवड्याला वरून नवी पडायची आणि आपण लिहिलेलं पुसून जायचं. म्हणजे डॉट प्रोफाइलच. आणि डॉट प्रोफाइल कोणी वाचतच नव्हतं.

पाचाडचा मधूनच खुर्ची मागे ढकलून विचारायचा, "काय, झालं काय?"

"होईल."

"आम्ही म्हातारे व्हायच्या आत होऊ दे."

एक दिवस पोलादपूरला रस्त्यावर झाड पडून एसटी बंद होती. मी घरूनच, लॅपटॉपवरून ऑफिसातल्या माझ्या मशीनला जोडले गेले. तशी सोय दादांनी करून दिलेली होती, मशीन लॅपटॉपला ओळखायचं, पासवर्ड लागायचा नाही. आमचे दादा म्हणजे ऑफिसातले सगळ्यात जुने. खिडकी उघडली, हुकूम दिला, आणि चालला. ओळी चिकटवल्या नव्हत्या. पुन्हा बंद केली, उघडली, दिला. चालला.

मी इतकी सरळ बसले की आई चुलीपुढून म्हणाली, "काय गो, विंचू बिंचू हाय काय?"

"चाललं आई."

"कोण चाललं?"

तिला काय सांगणार? ती माझ्यामागे येऊन उभी राहिली आणि काळ्या पडद्याकडे बघत राहिली. "ह्याच्यात तर काय दिसत पण नाय. मुंग्या चालल्यात नुसत्या." तरी तिने त्या दिवशी काकाच्या फोनला "बघू नंतर" म्हणून सांगितलं, आणि मला पानात एक घावन जास्त वाढलं.

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसात येऊन, आयुष्यात पहिल्यांदा असेल, स्वतःहून सगळ्यांना म्हणाले, "झालं. घरी चाललं." पाचाडचा आणि ताई दोघं माझ्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले. मी खिडकी उघडली, हुकूम दिला. असा हुकूमच नाही.

तेच मशीन. तीच फाईल. घरून जोडलं की चालतं, समोर बसलं की नाही. ताईंनी माझ्या खांद्यावर थोपटलं. ते मला अजून आठवतं. त्यानंतर दोनेक दिवसांनी मी दाराबाहेर सँडलचा पट्टा सोडवत उभी होते.

उत्तर मला त्याच दिवशी मिळालं, रागामुळे असेल. मी हळूहळू, एकेक वाक्य करून वाचलं. खिडकीच्या आत बसून आपला हुकूम ऐकणारा जो प्रोग्राम असतो त्याला शेल म्हणतात. तो दोन तऱ्हांनी सुरू होतो. कोणी बाहेरून, ओळख पटवून आत आलं, की तो लॉगिन शेल होतो, आणि तोच तेवढा डॉट प्रोफाइल वाचतो. मी घरून आले होते ती अशी. पण आधीच आत असलेल्या माणसाने नुसती एक खिडकी उघडली, की शेल धरून चालतो, हा घरातलाच, याला काय सांगायचं ते आत येतानाच सांगून झालं असेल. आमच्याकडे मुंबईहून कोणी आलं की ओटीवर आधी पायांवर पाणी, मग गूळपाणी, मग गावात काय काय झालं ते सगळं. शेतातून मागच्या दाराने आलेल्याला कोणी काही सांगत नाही. त्याला माहीतच असणार.

म्हणजे एकदा मशीनमधून पूर्ण बाहेर पडून, पासवर्ड घालून परत आत यायचं. एवढंच. बाकीचं आपोआप झालं असतं.

आणि तेच आमच्या ऑफिसात होत नाही. सगळ्या मशीनचा पासवर्ड एकच आहे आणि तो दादांकडे असतो. आधीच्या एका मुलीने म्हणे जाताना तो बदलला होता. तेव्हापासून दादा तो कोणाला देत नाहीत. स्वतः घालतानाही डावा हात कीबोर्डवर आडवा धरतात. ते उशिरा येतात. म्हणून संध्याकाळी निघताना कोणी मशीन बंद करत नाही, बाहेरही पडत नाही. आम्ही फक्त मॉनिटर बंद करतो. लाईट गेली तरी मशीन इन्व्हर्टरवर चालूच. गणपतीच्या सुट्टीनंतर दादांनी सगळी उघडून दिली, ती तशीच उघडी होती. माझी घरूनची ती एक वेळ सोडली, तर तेव्हापासून पुढच्या दाराने आत कोणी आलंच नव्हतं. माझ्या ओळी ओटीवर वाट बघत बसल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी एसटीत मी वाक्य तयार केलं. "दादा, पासवर्ड पाहिजे होता, एकदाच." पोलादपूर सुटल्यापासून महाडच्या स्टँडपर्यंत ते मनात घोळवलं. दादा आले, हेल्मेट ठेवलं, रुमालाने मान पुसली.

"दादा..."

"काय? परत बिघडलं?"

"नाही."

"मग?"

"काही नाही."

बस. एवढं मोठं वाक्य तयार करून मी "काही नाही" म्हणाले. मला स्वतःचा इतका राग आला की दुपारपर्यंत मी कोणाकडे पाहिलंही नाही. आणि ते बहुधा आणखी शिष्टपणाचं दिसलं.

पासवर्ड मागायचा नाही, तर दुसरी वाट शोधायची. कोणाशी बोलावं लागू नये म्हणून मी किती काम करू शकते, हे बघून मलाच नवल वाटतं. मी त्या खिडकीच्या सेटिंगमध्ये शिरले. तिथे मी आधीही जाऊन आले होते, पण ती जागा रंग आणि अक्षरं बदलायची असं समजून परत फिरले होते. खिडकीच्या त्या सेटिंगलाही प्रोफाइलच म्हणतात. फाईललाही प्रोफाइल आणि ह्यालाही प्रोफाइल. ज्याने ही नावं ठेवली त्याला एक दिवस आमच्या ऑफिसात बसवायला हवं. रंगांच्या पुढे, कोणी सहसा उघडत नाही अशा भागात, एक लहानसा चौकोन होता. लॉगिन शेल म्हणून सुरू करा. त्यात टिकची खूण करायची.

मी ती केली. खिडकी बंद केली, उघडली, काही न चिकटवता हुकूम दिला.

चालला.

मी पुन्हा पाहिलं. पुन्हा चालला. इतके दिवस ज्याच्यासाठी घालवले ते एका टिकमध्ये होतं. आनंद वगैरे फार झाला नाही. मी नुसती त्या चौकोनाकडे बघत बसले, आणि मला त्याला काहीतरी फेकून मारावंसं वाटलं.

त्या मंगळवारी जेवायच्या सुट्टीत सगळे खाली वडापाव खायला गेले. मी डबा उघडला नाही. एकेका मशीनवर जाऊन त्या ओळी डॉट प्रोफाइलमध्ये टाकल्या, टिक केली, तपासलं, खिडकी बंद केली. दादांच्या मशीनवरही. सगळे वर आले तेव्हा मी माझ्या जागेवर बसून डबा खात होते.

त्यांना सांगायला हवं होतं. तेव्हा, लगेच. पण "झालं" असं मी एकदा म्हणाले होते आणि खांद्यावर थोपटून घेतलं होतं. मला वाटलं, सांगायची गरजच नाही. त्यांनाच दिसेल. खिडकी उघडतील आणि ती तयार असेल.

कोणालाही दिसलं नाही. कारण खिडकी उघडली रे उघडली की ताईंचा हात आधी व्हॉट्सअॅपकडे जायचा, ओठ हलायचे, चार ओळी चिकटायच्या. पाचाडचा तर खिडकी पुरती उघडायच्या आधीच चिकटवायचा. आधीच सांगून झालेलं ते सगळे तिला पुन्हा सांगत होते, आणि तीही निमूट ऐकून घेत होती. तक्रार करायची नाही असं तीही कुठेतरी शिकली असावी. मी माझ्या जागेवरून बघत राहायचे. आता दिसेल. आता दिसेल. एकदा पाचाडच्याने फोन आला म्हणून चिकटवायचं अर्धवट सोडलं आणि मी टायपिंग थांबवून बघत बसले. फोन ठेवून त्याने सगळ्या ओळी पहिल्यापासून चिकटवल्या.

शुक्रवारी काकाचा फोन आला. दवाखान्यातले सोमवारी हो की नाही विचारणार होते. बाबा म्हणाले, "उद्या तिच्या मॅडमचं काय ते कळंल. मग सांगतो." मग माझ्याकडे वळून, "तुझं ते काळं झालं ना?"

"झालं."

"मग झालं तर," बाबा म्हणाले आणि उठले. त्यांच्या लेखी काम झालं म्हणजे ते दिसतं. बांध घातला की दिसतो.

शनिवारी आम्ही सगळे मोठ्या पडद्यापुढे बसलो. पडद्यावर एका कोपऱ्यात मॅडम आणि बाकी सगळीकडे दादांचं मशीन. कुडपणच्या पुढच्या भागाचे फोटो आले होते, ते कसे जोडतो ते मॅडमना बघायचं होतं. दादांनी खिडकी उघडली. मी पडद्याकडे न बघता त्यांच्या हाताकडे बघत होते. हात व्हॉट्सअॅपकडे गेला. चार ओळी चिकटल्या.

"हे काय?" मॅडम म्हणाल्या. "अजून चिकटवताय?"

"हो मॅडम. सेटिंग लागतं ना ते."

"पण ते बंद करायचं काम दिलं होतं ना मी? झालं नाही का?"

ताईंनी माझ्याकडे पाहिलं आणि पटकन नजर काढली. दादा खुर्चीत पुढे सरकले. ते मला सावरून घेणार हे त्यांच्या पाठीवरूनच कळलं.

"प्रयत्न करतेय मॅडम ती," ते म्हणाले. "पोरगी साधी आहे, मेहनती आहे. फक्त बोलत नाही काही. त्यामुळे कुठे अडलंय ते कळत नाही आम्हाला. घरी चालतं तिचं, इथे नाही चालत."

पाचाडचा खाली बघून हसू दाबत होता. मी बघितलं ते.

मॅडमनी चष्मा काढला. त्या रागावल्या नव्हत्या. "बरं," त्या म्हणाल्या, "मग असं करते. तिला फार ताण नको. इथल्या एकाला देते हे काम. तिचं काय करायचं ते आपण नंतर बोलू, दादा."

दादांशी बोलणार. माझ्याबद्दल, मला वगळून. आणि मला दिसलं ते दवाखान्यातलं स्टीलचं काउंटर, मी कधीही न पाहिलेलं, आणि त्याच्यामागे मी, आणि पुढे रांग. अंगावर आलेला राग कोणाचा होता ते सांगता येत नाही. मॅडमचा नाही, दादांचाही फारसा नाही. त्या चार ओळींचा असेल. त्या पडद्यावर अजून तशाच होत्या, कोणाला गरज नसताना, माझ्या कामाच्या डोक्यावर बसलेल्या.

दादांनी पुढचं दाखवायला म्हणून दुसरी खिडकी उघडली आणि त्यांचा हात परत तिकडे निघाला.

"दादा, चिकटवू नका," मी म्हणाले.

सगळ्यांनी वळून पाहिलं. दादांचा हात तिथेच थांबला. आवाज माझाच होता, पण खोलीच्या मानाने जरा मोठा निघाला होता, आणि आता तो लहान करायचा कसा ते मला माहीत नव्हतं. म्हणून मी तसाच ठेवला.

"दोन्ही खिडक्या बंद करा. नवीन उघडा. मंगळवारपासून सगळ्यांच्या मशीनवर चालतंय ते, तुम्हीच कोणी बघत नाही आहात. हुकूम द्या फक्त, आणि व्हॉट्सअॅपला हात लावू नका."